दामिनीचं वाक्य

भागीरथाबाईंच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यांनी आधी ओवा खाऊन पाहिला, मग बेंबीला हिंग लावला आणि मग दुखण्याकडे लक्ष देणंच सोडून दिलं. दामिनीला अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची, चाकाच्या खुर्चीत बसवून खिडकीशी न्यायचं, यातून स्वतःच्या पोटाकडे बघायला सवड कुठली?

दामिनी त्यांची थोरली. पस्तिशी ओलांडलेली. जन्माच्या वेळी बाळंतपण अडलं, बाळ रडायला उशीर झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. सेरेब्रल पाल्सी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातपाय ताठ, मान डाव्या बाजूला कललेली, आणि बोलणं असं, की खोल विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा एकेक शब्द वर यायचा. डोकं मात्र लख्ख. नरेशची या आठवड्यात कोणती शिफ्ट आहे, शेजारच्या क्वार्टरमधल्या सुनेचं माहेरी जाणं कशावरून अडलंय, टीव्हीवर काल कोण काय बोललं, सगळं तिच्या ध्यानात असायचं. पण हे फार थोड्यांना माहीत होतं. बाकीचे लोक तिच्यासमोर तिच्याविषयी बोलत, खुर्चीविषयी बोलावं तसं.

भागीरथाबाई मात्र तिच्याशी दिवसभर बोलत. पहिला शब्द निघाला की पुढचा त्यांना कळायचा. दामिनी "पा..." म्हणाली की पाणी यायचं, "खि..." म्हणाली की खिडकी उघडायची. नातेवाईक कौतुक करत, आईचं काळीज बरं, बोलायच्या आधी ओळखते. भागीरथाबाईंना त्याचा अभिमान होता. नवरा, देवराव रामटेके, पोलादाच्या प्लांटमधून रिटायर होऊन वर्षभरातच गेला होता. तेव्हापासून त्या धाकट्या मुलाच्या, नरेशच्या, सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. नरेश त्याच प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनवणाऱ्या विभागात होता. त्याची बायको समीक्षा दुर्गची, एका खासगी शाळेत शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं दामिनीला उचलायला हात पुढे केला होता. "राहू दे, तुले नाही जमत," असं म्हणून सासूनं तिला बाजूला केलं. समीक्षानं नंतर कधी हात पुढे केला नाही. खरं सांगायचं तर तिला जरा हायसंच वाटलं होतं.

मग एके सकाळी दामिनीला पलंगावरून खुर्चीत घेताना भागीरथाबाईंच्या हातातला जोर अचानक गेला. दोघी खाली आल्या. दामिनीला फारसं लागलं नाही, ती आईच्या अंगावर पडली होती. पण भागीरथाबाईंना उठता येईना. नरेशनं त्यांना उचललं तेव्हा तो दचकला. आई इतकी हलकी कधी झाली हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

तपासण्या झाल्या, मग रायपूरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टर हळू आवाजात बोलले, तरी भागीरथाबाईंना सगळं समजलं. बाहेर गाडीजवळ येऊन नरेश बॉनेटवर हात ठेवून रडायला लागला.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "गाडी चालवाची हाये तुले."

परतीच्या वाटेवर कुम्हारी गाव मागे पडलं. मग त्या म्हणाल्या, "दामिनीले सांगाचं नाही."

"आई, तिले समजूनच जाईन न."

"म्हणूनच सांगाचं नाही. तिले सगळं समजते. रात्रंदिवस तेच घेऊन पडून राहीन बिचारी. तिले ना उठून कुठं जाता येत, ना कोणाजवळ मन मोकळं करता येत."

असं ठरलं. घरात औषधांच्या पिशव्या आल्या, नरेश सुट्ट्या काढायला लागला, समीक्षा सासूशी जास्तच गोड बोलायला लागली. दामिनी खिडकीशी बसून सगळं बघत होती. शिफ्ट सुटली की रस्त्यावरून सायकली, स्कूटर जात, त्यांच्याकडे तिचं लक्ष नसायचं. ती आईच्या गळ्यातली हाडं बघायची.

"आई... तु...ले..."

"भूक लागली? आणते, आणते."

"आई..."

"हाये न मी इथंच. कुठं चालली मी?"

दामिनी डोळे मिटून घ्यायची.

*

त्या वर्गाविषयी भागीरथाबाईंना बुद्धविहारात कळलं. घरी म्हातारी माणसं, दिव्यांग माणसं सांभाळणाऱ्यांना शिकवण्यासाठी एक संस्था सेक्टरातल्या समाजभवनात दर रविवारी सकाळी वर्ग घेणार होती. भागीरथाबाईंना स्वतःला शिकायचं असं काही नव्हतं. पस्तीस वर्षं केलं त्यात कोण काय नवीन सांगणार? त्यांना समीक्षाला शिकवायचं होतं, आणि स्वतः शिकवायला गेलं तर चिडचिड होते हे त्यांना माहीत होतं.

"रविवारी माझ्यासोबत येजो," त्यांनी समीक्षाला सांगितलं.

समीक्षा पेपर तपासत होती. "मी येऊन काय करू आई? मुझसे नहीं होगा ये सब. मले ताईले हात लावाची बी भीती वाटते."

"म्हणून तं येजो म्हणून राहिली."

दामिनीलाही न्यायचं होतं. सांभाळणारा आणि ज्याला सांभाळायचं तो, दोघांनी सोबत या, असं संस्थेनं सांगितलं होतं.

शिकवणारी बाई, हर्षा, फिजिओथेरपिस्ट होती. तिशीच्या आसपासची, केस आखूड, अंगात साधा कुर्ता, आणि बोलताना हिंदी-मराठी अशी काही मिसळायची की दोन्ही भाषांचे लोक तिला आपलीच समजत. समाजभवनात सतरंज्या घातल्या होत्या, एका बाजूला लोखंडी पलंग होता. आलेल्यांत लकवा झालेले पंजाबराव आणि त्यांची बायको होती, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आलेल्या दोघी बहिणी होत्या, आणखीही काही जण होते. सगळ्यांच्या तोंडावर एकसारखा थकवा होता. भागीरथाबाईंनी पहिल्यांदाच इतकी आपल्यासारखी माणसं एका जागी पाहिली.

हर्षानं पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते दाखवायला घेतलं. ती दामिनीसमोर येऊन उकिडवी बसली, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आली.

"दामिनीताई, तुम्हाला हात लावू का?"

"लावा न," भागीरथाबाई म्हणाल्या.

हर्षानं हात लावला नाही. ती तशीच बसून राहिली. दामिनीकडे बघत राहिली. भागीरथाबाईंना वाटलं, हिला ऐकू आलं नाही की काय. त्या पुन्हा सांगणार एवढ्यात दामिनीच्या घशातून आवाज निघाला.

"हो."

"थँक्यू," हर्षा म्हणाली आणि मग तिनं दामिनीच्या कमरेला उचलायचा पट्टा बांधला.

बगलेत हात घालून ओढायचं नाही, खांद्याचा सांधा हळूहळू सैल होतो, असं तिनं सांगितलं. भागीरथाबाई आयुष्यभर तसंच उचलत आल्या होत्या. दामिनीचा डावा खांदा दुखायचा. थंडीनं दुखतो असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि त्यावर तेल चोळत होत्या.  घरी जाताना ऑटोत त्यांनी तो खांदा आपल्या तळहातानं धरून ठेवला होता.

पुढच्या रविवारी बोलण्याचा विषय होता. ज्यांना बोलायला वेळ लागतो त्यांचं ऐकायचं कसं? हर्षानं सांभाळणाऱ्या सगळ्यांना मागच्या ओळीत बसवलं आणि एकच नियम सांगितला.

"समोरचा माणूस थांबेपर्यंत कोणी शब्द पुरवायचा नाही. कितीही वेळ लागो. खूप कठीण असतं हे, करून बघा."

पहिली पाळी पंजाबरावांची होती. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. बराच वेळ त्यांचे ओठ नुसते हलत राहिले. बायको मागून उठायला लागली, तिला शेजारणीनं बसवलं.

"भाजीत... मीठ... नसते," पंजाबराव म्हणाले.

"बीपी हाये तुमाले!" बायको मागून ओरडली आणि सगळे हसले. पंजाबरावही हसले, अर्ध्या तोंडानं. वातावरण सैल झालं.

मग दामिनी. भागीरथाबाई मागे समीक्षाशेजारी बसल्या होत्या. दामिनीची फक्त मान आणि मागे बांधलेली वेणी त्यांना दिसत होती. ती वेणी सकाळी त्यांनीच घातली होती.

"आ..."

भागीरथाबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"आईले..."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली तरी पुढचा शब्द आला नाही. दामिनीचा उजवा हात वाकडा होऊन छातीशी गेला असणार, बोलायचा जोर लावला की जायचा तसा. हर्षा जागची हलली नाही.

"आईले... का... झालं..."

समीक्षानं मान खाली घातली.

"मले... कोनी... सांगत... नाही."

 भागीरथाबाईंना कळलं, की गेले कित्येक आठवडे दामिनी हेच वाक्य बोलायचा प्रयत्न करत होती. आणि प्रत्येक वेळी आपण त्यात भूक घातली, पाणी घातलं, खिडकी घातली.

हर्षाला यातलं काही माहीत नव्हतं. तिचाही चेहरा उतरला. ती उठून भागीरथाबाईंजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, घरी जाऊन बोलाल का तुम्ही दोघी?"

"हो, घरी सांगते मी तिले."

"नाही," दामिनीचा आवाज आला. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला, ती पुरती वळली नाही. "घरी... सांगत... नाही."

*

समाजभवनाच्या व्हरांड्यात भागीरथाबाई पायरीवर बसल्या आणि समीक्षानं दामिनीची खुर्ची त्यांच्यासमोर आणून ठेवली. ती आत जायला वळली तर दामिनी म्हणाली, "थांब."

भागीरथाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पोटात गाठ हाये माझ्या," त्या म्हणाल्या. "कॅन्सरची. आता इलाज नाही त्याच्यावर. डॉक्टर म्हणते, जास्त दिवस नाही."

दामिनीच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते समजणं कठीण होतं. तिच्या चेहऱ्याचे स्नायू तिचं नेहमी ऐकत नसत. तिच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला आईचा हात पुढे आला, तसा तिनं चेहरा बाजूला केला. भागीरथाबाईंचा हात तसाच हवेत राहिला.

"कावून... नाही... सांगितलं?"

"तुले त्रास होईन म्हणून."

"मले... वाटलं..." दामिनी थांबली. श्वास घेतला. आई काही बोलली नाही, समीक्षाही नाही. "वाटलं... माझ्या... वजनानं... झालं."

भागीरथाबाई पायरीवरून उठल्या आणि खुर्चीच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मुलीच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि मोठ्यानं रडल्या. आत वर्ग चालू होता. आतल्यांना ऐकू जात असणार, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उचलून उचलून आई खंगली, आपण तिला खाल्लं, असं ही पोरगी खिडकीशी बसून इतके दिवस समजत होती आणि आपण तिला त्रास होऊ नये म्हणून गप्प होतो.

"नाही वं माय, नाही," त्या म्हणत राहिल्या. "तुझ्यानं नाही. तुझ्यानं कायले होईन?"

बऱ्याच वेळानं दामिनीनं विचारलं, "मी... कुठं... राहू?"

"नरेश हाये न. समीक्षा हाये. इथंच राहशीन, आपल्या घरी."

"समीक्षाले... विचारलं?"

भागीरथाबाईंनी वर बघितलं. समीक्षा खांबाला टेकून उभी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं हे खरं होतं. सासूनं गृहीत धरलं होतं, नवऱ्यानं गृहीत धरलं होतं, आणि तीही कुणी विचारत नाही म्हणून मनातल्या मनात चिडून गप्प राहिली होती.

"ताई," समीक्षा म्हणाली, "खरं सांगू? मले खूप भीती वाटते. माझ्यानं तुम्ही पडल्या तं? घास अडकला तं? आणि मले नोकरी बी सोडाची नाही."

"नोको... सोडू," दामिनी म्हणाली. मग पुन्हा श्वास घेऊन, "मले बी... भीती... वाटते. तुझी."

समीक्षा रडता रडता हसली.

*

त्यानंतर घरात शिकणं सुरू झालं. हर्षानं सांगितलं होतं, की शिकवायचं काम दामिनीनंच करावं. तिच्या शरीराला काय चालतं ते तिच्याहून जास्त कुणाला माहीत? भागीरथाबाईंनी फक्त बसून राहायचं होतं, आणि त्यांच्या आयुष्यातलं याहून अवघड काम दुसरं नव्हतं. समीक्षानं पट्टा बांधला की त्यांचे हात पुढे व्हायचे. "अगं, डाव्या बाजूनं..." त्या म्हणायच्या आणि दामिनी "आई" एवढंच म्हणायची. मग त्या पदराचं टोक मुठीत धरून बसायच्या.

सगळं सरळ झालं असं नाही. एकदा समीक्षानं भरवताना दामिनीची मान मागे गेली, घास अडकला, ती निळी पडली. समीक्षानं वर्गात शिकवल्याप्रमाणे तिला पुढे वाकवून पाठीवर थाप मारली, घास बाहेर आला, आणि मग समीक्षा स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली ती तासभर बाहेर आली नाही. त्या दिवशी तिनं नरेशला साफ सांगितलं, की आपल्याला हे जमणार नाही, कुठं आश्रम असेल तर बघ. नरेश म्हणाला बघतो. त्यानं राजनांदगावच्या बाजूला एक ठिकाण बघितलंही. परत आला तेव्हा तो सरळ आपल्या खोलीत गेला. दामिनीनं त्याला बोलावून विचारलं, कसं आहे? लपवायचं नाही असं आता घरात ठरलं होतं.

"चांगले लोक हायेत ताई," तो म्हणाला. "पण खूप जण हायेत आणि पाहणारे कमी. कोणाले वेळ नाही तिथं कोणाचं ऐकाले."

 समीक्षा पोळ्या लाटत होती, तिनं मागे वळून बघितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती चपला काढून सरळ दामिनीच्या पलंगाशी गेली. "चला ताई, आज पुन्हा वरण-भात. मान मी धरते, कधी गिळलं ते तुम्ही सांगाल."

सकाळची वेळ समीक्षाला शाळेमुळे साधेना, म्हणून शकुबाई नावाच्या एका बाईला लावलं. जवळच्या अहिवाऱ्याकडच्या खेड्यातली, हाडापेरानं मजबूत. तिला मराठी येत नव्हती, दामिनीला छत्तीसगढी नीट बोलता येत नव्हती, आणि तरी दोघींचं जमलं, कारण शकुबाईला मुळातच घाई नव्हती.

भागीरथाबाई मात्र दिवसेंदिवस उतरत गेल्या. आधी काठी, मग भिंत, मग पलंग. पिवळ्या पडल्या, पाय सुजले. दामिनीच्या पलंगाला लागून त्यांचा पलंग लावला. आता त्यांना उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची कामं समीक्षा करत होती, जे हात दामिनीवर शिकले होते त्याच हातांनी. पहिल्यांदा समीक्षानं त्यांचं लुगडं बदललं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. कधी कोणापुढे असं उघडं व्हायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"आई, हात लावू का?" समीक्षानं विचारलं होतं. "लाव," असं म्हणायला त्यांना बराच वेळ लागला. समीक्षा थांबली होती.

समीक्षा खोलीबाहेर गेल्यावर त्या दामिनीला म्हणाल्या, "दामिनी, मी तुले कधी विचारलं नाही न वं. लहान होती तवाबी नाही, मोठी झाली तवाबी नाही. सरळ फराक ओढाची तुझा."

दामिनी त्यांच्याकडे बघत होती. "आई... होती... न," ती म्हणाली.

याचा अर्थ, तू आई होतीस म्हणून चालत होतं, की आई होतीस म्हणून विचारलं नाहीस, हे भागीरथाबाईंना समजलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी हात लांब करून तिचा वाकडा हात आपल्या हातात घेतला. त्या काळात दोघी दुपारभर अशा पडून असायच्या. दामिनी बोलायची, इतकी की तिला दम लागायचा. शेजारच्या भांडणांविषयी, बाबांविषयी, लहानपणी भंडाऱ्याकडच्या गावी आजोबांनी तिला बैलाच्या पाठीवर बसवलं होतं त्याविषयी. भागीरथाबाईंना ते आठवतच नव्हतं. पस्तीस वर्षं आपण हिच्याशी बोलत होतो, असं त्यांना वाटत आलं होतं. ही बोलायला लागली तेव्हा ऐकायला थोडेच दिवस उरले होते.

त्या गेल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले असतील. शकुबाई दामिनीचे केस विंचरत होती. दामिनीनंच आधी ओळखलं. आईचा श्वास तिला पाठ होता.

"शकु," ती म्हणाली. "थांब."

*

दुपार कलली तशी भंडाऱ्याहून माणसं यायला लागली. दामिनीला घाटावर न्यायचं नाही, असं मोठ्या मामांचं म्हणणं होतं. "तिले कायले त्रास देता? तिले काय समजते?" नरेश काही म्हणायच्या आत समीक्षानं पट्टा काढून दामिनीच्या कमरेला बांधायला घेतला.  मामांच्या डोळ्यांदेखत दामिनीला एका झटक्यात खुर्चीत घेतलं आणि नरेशला म्हणाली, "गाडी पुढे घ्या."

घाटावर बुद्धवंदना झाली. सगळे एका सुरात म्हणत होते, दामिनीही म्हणत होती, पण तिचा सूर मागे राहिला. लोकांचं संपलं तेव्हा ती अजून मध्येच होती. तिचा तो ओढून काढलेला आवाज एकटाच ऐकू यायला लागला. काही जण थांबले. हात जोडलेले तसेच ठेवून उभे राहिले. काहींना कळेना, त्यांनी हात सोडले. मामा दुसरीकडे बघत होते. लांब कोणी तरी गाडी काढत होतं, त्या आवाजात तिचे शब्द बुडून जात होते आणि ती पुन्हा त्या शब्दापासून सुरुवात करत होती. नरेश चितेपाशी उभा होता. बहिणीचं पुरं होईपर्यंत तो हलला नाही.

नंतरचे दिवस पाहुण्यांत गेले. पाहुणे परतल्यावर घर रिकामं झालं. आईचा पलंग काढून टाकायला नरेश निघाला तेव्हा दामिनी नको म्हणाली, आणि मग काही आठवड्यांनी तिनंच काढायला सांगितला. ती पूर्वीइतकी बोलेनाशी झाली. विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढंच. हर्षा एकदा घरी येऊन गेली. वर्गाला या, नवीन लोक आले आहेत, त्यांना तुमच्याकडून शिकता येईल, असं म्हणाली. दामिनी म्हणाली, "आता... नाही." हर्षानं आग्रह केला नाही.

रविवारी शकुबाईला सुट्टी असायची, तेव्हा अंघोळ समीक्षा घालायची. असाच एक रविवार होता. तिनं मोरीत खुर्ची लावली, कोपरानं पाणी पाहिलं, दामिनीला विचारून घेतलं, मग कपाळावर तळहात आडवा धरून हळूहळू डोक्यावर पाणी सोडलं, डोळ्यांत एक थेंबही जाऊ नये असं. साबण लावला. दामिनी एकदम रडायला लागली. नुसतं पाणी वाहणं नव्हतं ते, सगळं अंग हलवून ती रडत होती. समीक्षा घाबरली.

"काय झालं ताई? पाणी गरम आहे? डोळ्यात साबण गेला का?"

दामिनीनं मान हलवायचा प्रयत्न केला. समीक्षा हातात तांब्या घेऊन थांबली. साबणाचा फेस तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होता.

"आई..." दामिनी म्हणाली. "रोज... डोळ्यात... साबण... घालत होती."

समीक्षाला हसू की रडू ते कळेना. सासूबाईंची अंघोळ घालायची घाई तिला बाहेरून ऐकू यायची, तांब्यामागून तांब्या, आणि दामिनीचं ओरडणं, आणि "झालं झालं झालं" असं भागीरथाबाईंचं बोलणं. ते ओरडणं दुखण्याचं आहे की खेळातलं, हा विचार तिनं कधी केला नव्हता. आताही तिनं विचारलं नाही. ती दामिनीच्या खुर्चीशेजारी ओल्या फरशीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिली.

बाहेरून नरेशनं विचारलं, "झालं का वं? मले ड्युटीवर जाचं हाये."  बादलीतलं पाणी गार होत चाललं होतं. काही वेळानं समीक्षा उठली, दामिनीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि पुन्हा पाणी तापवायला आत गेली.